किरणोत्सर्गाचा माशांच्या प्रजनन पेशींवर होणारा परिणाम

अंडी फुटली नाहीत किंवा पिल्ले वाकडी निघाली, की किरणोत्सर्गाची शंका येऊ शकते. तापी खोऱ्यात गुजरातचे काक्रापार अणुऊर्जा केंद्र असल्याने तर जास्तच. पण तापी पश्चिमेकडे वाहते. नंदुरबार जिल्ह्यातून ती उकाई धरणात जाते आणि काक्रापार त्याच्याही खाली आहे. त्यामुळे केंद्राजवळचे पाणी उलटे कळसाडीच्या शेततळ्यात येत नाही.

किरणोत्सर्गाचा फटका सतत विभागणाऱ्या पेशींना आधी बसतो. नराच्या वृषणातील शुक्रपेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी अशाच असतात. आधी तयार झालेल्या शुक्रपेशी काही काळ टिकतात, म्हणून नर सुरुवातीला ठीक वाटतो. नंतर मिल्ट कमी होते. मूळ पेशी वाचल्या तर ती पुन्हा सुधारू शकते. शुक्रपेशीतील गुणसूत्रे बिघडली तर अंडे फलित होते, पण गर्भ मध्येच मरतो किंवा व्यंग घेऊन निघतो. चेर्नोबिलच्या १९८६ च्या अपघातानंतर तेथील शीतकरण तलावातील चंदेरा (सिल्व्हर कार्प) माशांच्या जननग्रंथींत दोष आढळले.

मात्रा महत्त्वाची. जलचरांच्या समुच्चयासाठी दिवसाला १० मिलिग्रेपर्यंतचा मारा घातक ठरण्याची शक्यता कमी, असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९९२ मध्ये म्हटले. नैसर्गिक किरणोत्सर्ग याच्या तुलनेत नगण्य असतो.

याच परिणामाचा उपयोगही होतो. अतिनील किरणांनी शुक्रपेशीची गुणसूत्रे पूर्ण निकामी करून तिने अंडे फक्त जागे करायचे, मग थंड किंवा गरम पाण्याचा धक्का देऊन आईच्याच गुणसूत्रांची जोडी टिकवायची. भारतात रोहू व कटल्यावर हे १९८४ मध्ये यशस्वी झाले. गंमत अशी की अर्धवट मारलेली शुक्रपेशी जास्त गर्भ मारते, पूर्ण निकामी केलेली कमी. हा परिणाम हर्टविग यांनी १९११ मध्ये बेडकांत पाहिला होता. अतिनील किरणांनी मासा किरणोत्सर्गी होत नाही. हे काम प्रयोगशाळेचे आहे, शेततळ्यावर करायचे नाही.

आपल्याकडे उबवण बिघडली तर आधी प्रजनक माशांचे वय, एकाच घराण्यातील वारंवार संकर, पाण्याचे तापमान (२६ ते ३० अंश सेल्सिअस योग्य) आणि विरघळलेला प्राणवायू तपासा. अंडी उथळ, नितळ पाण्यात थेट उन्हात ठेवू नका, सावली करा. बीज घेताना प्रजनक मासे बाहेरून कधी बदलले, हे बीज केंद्रचालकाला जरूर विचारा.