स्टड पोकरचे घरगुती प्रकार

स्टड पोकरचे घरगुती प्रकार म्हणजे स्टड पोकर या पत्त्यांच्या खेळाच्या नियमांत भर घालून अथवा फेरफार करून मुख्यतः अमेरिकेतील घरगुती बैठकांत रूढ झालेले खेळ होत. ज्या पोकरमध्ये प्रत्येक खेळाडूला काही पाने उताणी व काही पालथी वाटली जातात आणि मिळालेली पाने बदलून घेता येत नाहीत, त्याला स्टड म्हणतात. ही पद्धत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, यादवी युद्धाच्या सुमारास प्रचारात आली. घरगुती बैठकीत ज्याच्याकडे पाने वाटण्याची पाळी येते, तोच त्या डावाचा प्रकार जाहीर करतो. या प्रथेतून अनेक प्रकार निपजले. क्लब व कॅसिनोंत त्यांतील बहुतेक आढळत नाहीत.

मूळ पद्धत

बहुतेक प्रकारांचा पाया सात पानी स्टड हा आहे. टेनेसी विल्यम्स यांच्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' (१९४७) या नाटकाच्या अखेरीस घरातल्या टेबलावर हाच खेळ मांडला जातो. प्रत्येकास प्रथम दोन पालथी व एक उताणे पान मिळते. मग एकेक करून तीन उताणी आणि शेवटी सातवे पालथे. पहिल्या तीन पानांनंतर व पुढे प्रत्येक पानागणिक बोली होते. अशा पाच फेऱ्यांनंतर सातांपैकी सर्वोत्तम पाच पानांचा हात धरला जातो.

तीन पत्तीत प्रतिस्पर्ध्याच्या पानांचा अंदाज त्याच्या चालीवरूनच बांधावा लागतो. स्टडमध्ये प्रत्येकाची चार पाने डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे स्मरणशक्तीला मोल येते. हातात अठ्ठ्यांची जोडी असलेल्याला उरलेल्या दोन्ही अठ्ठ्या इतरांपुढे उताण्या दिसल्या, तर तिसरीची आशा उरत नाही. त्यांतील एक धरणाऱ्याने पाने टाकून दिली, तरी ती पाहिल्याचे ध्यानात ठेवावे लागते.

जोकर असलेले प्रकार

'फॉलो द क्वीन'मध्ये चारही राण्या जोकर असतात. शिवाय उताण्या पडलेल्या राणीमागोमाग जे पान उताणे वाटले जाईल, त्या दर्जाची सर्व पाने जोकर ठरतात. पुढे दुसरी राणी उताणी आली की आधीचा जोकर रद्द होऊन तिच्यामागचे पान नवा जोकर होते. दोन सत्त्यांच्या बळावर बोली वाढवत नेणाऱ्याचा हात अशा वेळी एका पानासरशी मामुली होतो. राणी हेच अखेरचे उताणे पान असेल, तर सहसा केवळ राण्याच जोकर राहतात.

'बेसबॉल'चे नियम त्याच नावाच्या मैदानी खेळावरून बेतले आहेत. नऊ डाव व तीन स्ट्राइक यांवरून नव्व्या आणि तिर्र्या जोकर मानतात. चार बाद चेंडूंवर फलंदाजाला पहिला तळ मिळतो, म्हणून चव्वी उताणी आल्यास एक जादा पान मिळते. काही ठिकाणी उताण्या तिर्रीची किंमत मोजावी लागते: पॉटमध्ये जमलेल्या रकमेइतकी रक्कम घालावी, अन्यथा डाव सोडावा. सात खेळाडूंच्या साध्या डावातच ५२ पैकी ४९ पाने लागतात. त्यामुळे जादा पानांच्या या खेळात माणसे कमीच बसवावी लागतात.

ज्यात प्रत्येकाचे सर्वांत लहान पालथे पान केवळ त्याच्यापुरते जोकर असते, असाही एक प्रकार आहे. त्यातील धोका सातव्या पानात असतो. ते आणखी लहान निघाले तर जोकर बदलतो आणि जमलेला हात मोडतो. म्हणून काही बैठकांत ठरावीक रक्कम भरून शेवटचे पान उताणे मागण्याची मुभा असते.

जोकरविना प्रकार

'शिकागो'मध्ये निम्मा पॉट सर्वोत्तम हाताला आणि निम्मा सर्वांत मोठे इस्पिक पालथे धरणाऱ्याला मिळतो. ज्याच्याकडे इस्पिकचा एक्का पालथा आहे, त्याचा अर्धा हिस्सा पहिल्या फेरीतच निश्चित होतो. एक्का उताणा पडला असेल, तर तेच स्थान राजाला येते. जोकर न घेता केवळ एका नियमाने बोलीचे सारे गणित बदलणारा हा प्रकार घरगुती स्टडमध्ये सर्वांत सकस म्हणावा लागेल. 'लो शिकागो'त सर्वांत लहान इस्पिक निम्मा पॉट जिंकते. त्यात एक्का लहान धरायचा की मोठा, हे आधी ठरवणे अगत्याचे असते.

'नो पीक'मध्ये सातही पाने न पाहता पालथी ठेवतात. पहिला खेळाडू एक पान उलटतो आणि पुढचा त्याच्यावर मात होईपर्यंत आपली पाने उलटत जातो. फिनलंडमधील 'सोको' या पाच पानी प्रकारात अनुक्रमातील चार पाने आणि एकाच रंगाची चार पाने यांनाही एक जोडी व दोन जोड्या यांच्या मधले स्थान आहे.

हातांच्या क्रमवारीचा पेच

बावन्न पानांतून पाच पानांचे २५,९८,९६० हात संभवतात. त्यांत दोन जोड्यांचे १,२३,५५२, तर तिकडीचे म्हणजे एकाच दर्जाच्या तीन पानांचे ५४,९१२ हात असतात. दुर्मीळ म्हणून तिकडी श्रेष्ठ. कॅटमध्ये एकच जोकर मिसळला तरी हा आधार ढासळतो. जोडीबरोबर जोकर आलेला प्रत्येक जण तिकडी दाखवतो आणि तिकड्या १,३७,२८० होतात. दोन जोड्या मात्र तेवढ्याच राहतात. क्रम उलटा करावा, तर हेच ८२,३६८ जोकरचे हात दोन जोड्या म्हणून दाखवले जातील. मग दोन जोड्या २,०५,९२० आणि तिकड्या पुन्हा ५४,९१२. कोणताही क्रम लावला तरी श्रेष्ठ ठरवलेला हातच अधिक सुलभ होतो. त्यामुळे घरगुती बैठकांत जुनीच क्रमवारी ठेवून तीत फक्त एकाच दर्जाच्या पाच पानांचा हात सर्वांत वर जोडतात.