टेस्टोस्टेरॉन, उतारवयातील
वृषणांतील लायडिग पेशींत तयार होणाऱ्या या पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण साधारण चाळिशीनंतर वर्षाला सुमारे १ टक्क्याने घटते. रजोनिवृत्तीसारखा ठळक थांबा इथे नसतो. वयाइतकेच वजनही नडते. चरबीतील अरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे एस्ट्रॅडायॉलमध्ये रूपांतर करते. म्हणून स्थूल पुरुषाने वजन उतरवणे हाच सर्वांत भरवशाचा नैसर्गिक उपाय. पुरेशी झोप व मद्यावर आवर यांचीही मदत होते. अश्वगंधेचे पुरावे छोट्या चाचण्यांपुरते आहेत, जाहिराती मात्र मोठ्या. असे दावे जुनेच: १८८९ मध्ये ७२ वर्षांचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी पॅरिसमध्ये कुत्रे व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून जोम परतल्याचे जाहीर केले. त्या पाणीदार अर्कात संप्रेरक जवळजवळ नव्हतेच. टेस्टोस्टेरॉनच्या कमतरतेच्या निदानासाठी रक्त सकाळी तपासतात, आणि एकाच चाचणीवर विसंबत नाहीत.