निर्वासितांची साक्ष आणि 'एआय' चित्रे

छत्रपती संभाजीनगर : जेथे कॅमेऱ्याला मज्जाव असतो, तेथील अत्याचारांचे छायाचित्र मागे उरत नाही. ही उणीव कृत्रिम बुद्धिमत्तेने अर्थात 'एआय'ने काढलेल्या चित्रांनी भरून काढण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

ऑस्ट्रेलियाने समुद्रमार्गे आलेल्या निर्वासितांना नौरू व मानुस बेटांवरील छावण्यांत ठेवले होते. नौरूने २०१४ मध्ये पत्रकारांचे व्हिसा शुल्क २०० वरून ८,००० ऑस्ट्रेलियन डॉलरवर नेले. 'मॉरिस ब्लॅकबर्न' या वकिली संस्थेने २०२३ मध्ये ३२ जणांच्या जबान्यांवरून, त्यांच्याच सहभागाने, 'एक्झिबिट ए-आय' ही चित्रमालिका साकारली.

त्याच वर्षी 'ॲम्नेस्टी इंटरनॅशनल'ने कोलंबियातील २०२१ च्या आंदोलनावरील दडपशाहीची 'एआय' चित्रे प्रसिद्ध केली. आंदोलकांची ओळख लपविणे हा हेतू होता. मात्र खरी छायाचित्रे उपलब्ध असल्याने टीका झाली आणि चित्रे मागे घ्यावी लागली.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर स्वाक्षरी केलेली नाही. तरीही चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राज्यघटनेच्या कलम २१ चे संरक्षण त्यांना लागू केले. हे संरक्षण मागताना आधार जबानीचाच घ्यावा लागतो. चित्रामागे अशी जबानी असावी आणि ते 'एआय'निर्मित असल्याचे त्यावर स्पष्ट नमूद असावे. अन्यथा अत्याचार नाकारणाऱ्यांच्याच हाती आयते निमित्त पडते.