जुना खेळ विकत घ्यावा काय?

जुन्या पोथ्या, जुनीं नाणीं, जुनीं भांडीं ह्यांचें मोल काय करावें, ह्याचा विचार आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं केव्हांना केव्हां केला असेल. परंतु जुन्या खेळाचें मोल काय, हा प्रश्न आमच्यापुढें गेल्या उन्हाळ्यापर्यंत कधीं आला नव्हता. तो आला तो नागपुरांत, धरमपेठेंतील आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं. त्यांच्या चौदा वर्षांच्या भाच्यानें सीताबर्डीवरील एका जुन्या मालाच्या दुकानांत टीव्हीला जोडावयाचा एक व्हिडिओ गेम पाहिला होता. यंत्र, दोन रिमोट, एक प्लॅस्टिकची बंदूक आणि चार कॅसेटी मिळून दुकानदारानें अडीच हजार रुपये सांगितले, आणि "जुनी चीज आहे, घेऊन टाका न भाऊ, पुन्हा नाहीं दिसणार," अशी पुस्तीही जोडली.

"मामा, घ्यायचा काय?" असें मुलानें विचारतांच मामांनीं साफ नकार दिला. त्यांचें म्हणणें असें कीं, हातांतल्या फोनवर ह्याहून शतपट देखणे खेळ फुकट मिळत असतां चाळीस वर्षांपूर्वींच्या खेळाच्या बनावट प्रतीला अडीच हजार मोजणें म्हणजे निव्वळ वेडेपणा. त्यावर मुलगा म्हणाला, "पण मामा, तुम्ही आणि मोठे मामा सुट्टीभर कॉन्ट्रा खेळत होतां, असें तुम्हीच सांगतां ना?" आमचे स्नेही कांहीं वेळ गप्प राहिले. महालांतील वडिलोपार्जित घराची वाटणी झाल्यापासून त्यांचें आणि पुण्यास राहणाऱ्या थोरल्या भावाचें बोलणें सणावारापुरतें उरलें आहे, हें आम्हांस ठाऊक होतें. शेवटीं त्यांनीं निवाडा आमच्यावर सोंपविला. इतिहासाची थोडी आवड, हेंच काय तें ह्या कामीं आमचें भांडवल.

वस्तु घ्यावी कीं न घ्यावी हें ठरविण्यापूर्वीं ती कोणत्या कुळांतली आहे, हें पाहिलें पाहिजे. ह्या यंत्राचें कूळ जपानांतील आहे. क्योटो शहरीं १८८९ सालीं फुसाजिरो यामाउची ह्या गृहस्थानें हानाफुदा नांवाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते करून विकण्याचा धंदा मांडला. तोच पुढें निन्टेन्डो ह्या नांवानें जगप्रसिद्ध झाला. ह्या कंपनीनें १९८३ च्या जुलै महिन्यांत 'फॅमिली कॉम्प्युटर', संक्षेपानें 'फॅमिकॉम', हें यंत्र बाजारांत आणिलें. त्याच सुमारास अमेरिकेंत ह्या धंद्याचें दिवाळें वाजत होतें. अटारी कंपनीनें आपल्या न खपलेल्या मालाचे ढीग न्यू मेक्सिको प्रांतांतील अलामोगोर्डो गांवच्या उकिरड्यांत पुरून टाकिले, आणि २०१४ सालीं लोकांनीं ते पुनः उकरून काढिले. जें कचरा म्हणून पुरलें तें तीस वर्षांनीं ठेवा म्हणून वर आलें. जुन्या वस्तूंच्या मोलाविषयीं ज्यास फार खात्री वाटते, त्यानें एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी.

१९८५ च्या सप्टेंबरांत 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ निघाला आणि बुडालेला धंदा पुनः तरला. हा सबंध खेळ अवघ्या चाळीस किलोबाइटांत बसविलेला आहे. आजच्या फोननें काढिलेल्या एका छायाचित्राच्या जागेंत असे पन्नास खेळ सहज मावतील. त्यांतील ढग आणि झुडपें ह्यांचा आकार एकच असून केवळ रंग बदललेला आहे. जागेची काटकसर करण्याची ही युक्ति होय. अशा अडचणींत बुद्धि कशी चालविली, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यास हे जुने खेळ आजही कांहीं शिकवितील.

परंतु हें मूळ यंत्र आमच्याकडील मध्यम स्थितींतल्या घरांत सहसा आलेंच नाहीं. १९९१ पर्यंत परदेशी मालावर जबर आयातकर होता, आणि पुढेंही अस्सल माल आवांक्याबाहेरचाच राहिला. घरोघर आल्या त्या बहुतेक त्याच्या नकला. तैवान आणि चीन येथील कारखान्यांनीं फॅमिकॉमच्या प्रतिकृति काढून त्या देशोदेशीं धाडिल्या. रशियांत १९९२ पासून 'डेंडी' नांवाची अशीच प्रतिकृति घरोघर झाली. आमच्या बाजारांत सामुराई, मीडिया अशीं नांवें दिसत, आणि पुढें तर कसलेंच नांव नसलेलीं यंत्रें आलीं. मूळ यंत्रांतील निरनिराळ्या चिपांचें काम ह्या पुढच्या नकलांत एकाच चिपवर आणिलेलें असे, आणि तीवर डांबरासारखा काळा थेंब ओतून ती झांकलेली असे. खेळाच्या डबीस आपण सारे 'कॅसेट' म्हणत असूं. तींत फीत मुळींच नव्हती, परंतु गाण्याच्या कॅसेटीप्रमाणें ती घालावयाची आणि काढावयाची, म्हणून तेंच नांव रूढ झालें. कॅसेटीवर '९९९९९९ इन १' असें छापलेलें असे. आंत पाहावें तों दहा-वीस खेळच नांवें बदलून पुनः पुनः आलेले!

नागपूरचा मे महिना ज्यानें काढिला आहे, त्यास ह्या यंत्राचें आमच्या घरांतील स्थान सांगावयास नको. पारा पंचेचाळिसाच्या घरांत, बाहेर लू, आंत वाळ्याच्या कूलरचा घरघराट, आणि टीव्हीपुढें सतरंजीवर पोटावर पडलेलीं भावंडें. अडॅप्टर तापला म्हणून तो कूलरच्या वाऱ्यांत धरावयाचा, कॅसेट लागली नाहीं म्हणून तिच्या तोंडांत फुंकर मारावयाची, आणि मारिओ आठव्या जगांत पोंचला न पोंचला तोंच वीज जावयाची. त्या कॅसेटींत डाव राखून ठेवण्याची सोय नव्हती. वीज आली कीं पुनः पहिल्यापासून आरंभ. विदर्भांतील भारनियमनानें एका पिढीस जी चिकाटी शिकविली, तिचा थोडा भाग ह्या यंत्राच्या खातीं जमा केला पाहिजे.

आतां मामांचा मुख्य आक्षेप, कीं ही नक्कल आहे. आमच्या इतिहाससंशोधनांत अस्सल आणि नक्कल हा भेद मोठा मानितात, आणि तो योग्यच आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्यांचा पहिला खंड काढिला, तो बखरींपेक्षां अस्सल पत्रांवर भर देऊनच. पण त्याबरोबरच हेंही खरें कीं, सभासदाची बखर आपण वाचतों ती मागून झालेल्या नकलांच्या आधारें. नकलनविसांनीं लेखणी झिजविली नसती तर ती आज आपल्या हातीं नसती. शिवाय अस्सल म्हणजे कशाचें अस्सल, हेंही विचारिलें पाहिजे. जपानी कारागिरीचा इतिहास लिहिणाऱ्यास १९८३ चें फॅमिकॉम हें अस्सल साधन होय. परंतु १९९५ सालीं नागपूरच्या मुलांची सुट्टी कशी जात होती, हें ज्यास लिहावयाचें आहे त्याचें अस्सल साधन ती बनावट कॅसेटच होय. त्या घटनेंत जी वस्तु प्रत्यक्ष हजर होती, ती त्या घटनेपुरती अस्सल. ह्या नकलांपायीं मूळ कर्त्यांस एक पैही मिळाली नाहीं, हा दोष मात्र आम्ही लपवीत नाहीं. तो अन्याय खराच. परंतु ती वस्तु भंगारांत गेल्यानें तो धुतला जात नाहीं.

दुसरा आक्षेप, कीं सारें फोनवर फुकट मिळतें. हें अर्धेंच खरें आहे. अमेरिकेंतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' ह्या संस्थेनें २०२३ सालीं पाहणी करून असें दाखविलें कीं, त्या देशांत २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ खेळ आज बाजारांत रीतसर विकत मिळत नाहींत. त्याच वर्षीं मार्चच्या २७ तारखेस निन्टेन्डोनें आपल्या दोन जुन्या यंत्रांसाठीं चालविलेलीं इंटरनेटवरील दुकानें विक्रीस बंद केलीं. जें केवळ तारेवरून येतें, तें दुसऱ्याच्या मर्जीनें येतें. कपाटांतली कॅसेट कोणाची परवानगी मागत नाहीं.

मग जुनें म्हणून वाटेल तें मोल द्यावें काय? मुळींच नाहीं. अमेरिकेंत २०२१ सालीं वेष्टण न फोडलेला एक 'सुपर मारिओ ब्रदर्स' ६ लक्ष ६० हजार डॉलरांस, म्हणजे सुमारें पांच कोटि रुपयांस, लिलावांत गेला, आणि त्याच वर्षीं दुसरा एक २० लक्ष डॉलरांस विकला गेला. ह्या बातम्या वाचून आपल्या माळ्यावरील डब्याकडे आशेनें पाहणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. त्यांनीं हें ओळखावें कीं, ती किंमत खेळाची नसून न फुटलेल्या वेष्टणाची आहे. जो खेळ खेळतांच त्याचें मोल उतरतें, तो खेळ नव्हे, हुंडी होय. उघडलेल्या, हाताळलेल्या, नकली कॅसेटीस तो बाजार नाहीं, आणि नसावा हेंच बरें.

तेव्हां आम्ही मुलास घेऊन सीताबर्डीवर गेलों आणि माल पारखून पाहिला. पारखण्याची रीत थोडक्यांत सांगतों. यंत्र चालू करून अर्धा तास चालूं द्यावें. प्रत्येक कॅसेट लावून पाहावी. दोन्ही रिमोटांचें एक एक बटण दाबून पाहावें. अडॅप्टर त्याच यंत्राचा आहे ना, हें विचारावें, कारण भलताच जोडल्यास यंत्र जळण्याचा संभव असतो. कॅसेट लागेना म्हणून दुकानदार फुंकर मारूं लागल्यास त्यास थांबवावें. ती आपली लहानपणची विद्या खोटी होती. फुंकरींतील ओलाव्यानें धातूचे दांत गंजतात. शुद्ध स्पिरिटांत बुडविलेल्या कापसाच्या काडीनें ते पुसावे आणि वाळूं द्यावे. घरच्या टीव्हीस पिवळ्या-पांढऱ्या वायरींचीं छिद्रें आहेत कीं नाहींत, हें घरूनच पाहून निघावें. नव्या टीव्हींत तीं पुष्कळदां नसतात.

बंदुकीची गोष्ट निराळी. तिच्यांतून कांहींच सुटत नाहीं. उलट तिच्या नळींत प्रकाश ओळखणारा डोळा असतो. घोडा ओढतांच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागीं पांढरा चौकोन उमटतो. तो त्या डोळ्यास दिसला तर नेम लागला. हें गणित जुन्या डबा टीव्हीच्या कांचेच्या नळीवर बसविलेलें आहे. आजच्या चपट्या पडद्यावर चित्र किंचित् उशिरां उमटतें, आणि तेवढ्यानें नेम कधींच लागत नाहीं. ज्या घरांतून डबा टीव्ही गेला, त्या घरीं ही बंदूक म्हणजे केवळ प्लॅस्टिक. ती आम्हीं सौद्यांतून काढावयास लाविली. चारपैकीं दोन कॅसेटी लागल्या. त्यांत एक कॉन्ट्रा होती.

येथें आम्हांस सावंतवाडीच्या गंजिफांची आठवण झाली. दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचीं बारा पानें, मिळून १२० गोल पानें; लाखेचें लुकण दिलेलीं आणि हातानें रंगविलेलीं. ही कला लोपत असतां विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील राजघराण्यानें ती जगविली, ह्याबद्दल महाराष्ट्र त्या घराण्याचा ऋणी आहे. पण आज तीं पानें विकत घेणारे बहुतेक लोक तीं भिंतीवर लावितात. पानें राहिलीं, डाव मोडला. निन्टेन्डो आजही आपले हानाफुदा पत्ते छापून विकते, आणि जपानांत ते अद्याप खेळले जातात. गंजिफा आणि हानाफुदा ह्यांच्या दैवांत जो फरक पडला, तो कारागिरीचा नव्हे, खेळणाऱ्यांचा आहे. खेळ ही वस्तु पोथीसारखी नाहीं. पोथी बासनांत शंभर वर्षें राहिली तरी पुनः वाचतां येते; खेळ शिकविणारा माणूस एकदां गेला कीं मागें राहतें तें केवळ चित्र.

म्हणून आमचा निवाडा असा. जुना खेळ घेण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. तो आज आपल्या घरीं चालेल काय? त्याची किंमत खेळण्यासाठीं देतों आहों कीं पुढें विकण्यासाठीं? आणि दुसरा रिमोट कोण धरणार? पहिल्या दोहोंचें उत्तर दुकानांत मिळतें. तिसऱ्याचें घरींच शोधावें लागतें. तिसऱ्यास उत्तर नसेल, तर फुकट मिळाला तरी तो खेळ घेऊं नये.

यंत्र, दोन रिमोट आणि दोन कॅसेटी मिळून सौदा तेराशें रुपयांस तुटला. पैसे देण्यापूर्वीं मुलानें तेथूनच मामांस फोन करून तिसरा प्रश्न विचारिला. थोडा वेळ उत्तर आलें नाहीं. मग, "घे," एवढाच शब्द आला. त्याच रात्रीं आमच्या स्नेह्यांनीं पुण्यास फोन लाविला. कारण विचारिलें तर म्हणाले, कॉन्ट्रांत आपले जीव संपले कीं जोडीदाराच्या शिलकींतून एक उचलतां येतो, त्याचें बटण कोणतें तें दादालाच आठवत असेल. तो नेहमी माझेच उचलीत असे.