मूत्राशयाची निगा (उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर पट्टा)

मूत्राशयाची निगा : दिवसभर पुरेसे पाणी पिणे आणि लघवी वेळच्या वेळी, सावकाश व पूर्ण करणे, एवढाच या विषयाचा गाभा. मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांत मात्र तो लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेला आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ सुमारे ६० किमी. व बदलापूर सुमारे ६८ किमी. आहे. बदलापूरहून जलद लोकललाही दीड तासाच्या आसपास लागतो आणि मुंबईच्या लोकलगाड्यांत शौचालय नसते. त्यामुळे नोकरदार बायकांमध्ये एक सवय पक्की झालेली दिसते : पाण्याची बाटली घरून भरून घ्यायची, पण गाडीत तिचे झाकण उघडायचे नाही. फारच कोरड पडली तर ओठ ओले करायचे.

गाडीत लघवी लागेल, ही भीती कितपत खरी? मूत्राशय म्हणजे ओटीपोटातील स्नायूंची लवचिक पिशवी. निरोगी प्रौढ माणसाच्या मूत्राशयात ४०० ते ५०० मिलि. लघवी मावते आणि १५० ते २०० मिलि. साठली की पहिली जाणीव होते. मूत्रपिंडे दिवसाकाठी साधारण दीड लिटर, म्हणजे तासाला सरासरी ६० मिलि. लघवी तयार करतात. घरून मोकळे होऊन निघालेल्या माणसाला रिक्षा, फलाट, गाडी आणि पुढची पायपीट मिळून अडीच तास लागले, तरी साठते सुमारे १५० मिलि. ही तर नुसती पहिली सूचना झाली. निघताना तांब्याभर पाणी किंवा दोन कप चहा एकदम घेतला, तर हे गणित बिघडते. घोट घोट पाणी घेतल्याने ते सहसा बिघडत नाही. खरे नुकसान सकाळच्या प्रवासात होत नाही. कामाच्या ठिकाणचे शौचालय अस्वच्छ, लांब किंवा कुलूपबंद असते म्हणून पहाटे घर सोडल्यापासून रात्री परतेपर्यंत जेमतेम एकदा-दोनदा जाणे, हे खरे नुकसान. दिवसभरात सहा ते आठ वेळा लघवीला होणे हे निरोगीपणाचे सर्वसाधारण प्रमाण मानतात.

लघवी वारंवार तुंबवली की मूत्राशयाचा स्नायू ताणला जातो, पिशवी पुरती रिकामी होत नाही आणि मागे उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. पाणी कमी पिण्याने लघवी दाट होते, मूतखड्याचा संभव वाढतो. ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात ती जळजळ कधी नुसत्या पाण्याच्या कमतरतेने होते, तर कधी संसर्गाने. संसर्ग बहुधा आतड्यातील ई. कोलाय जंतूंचा असतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंमी., पुरुषांचा सुमारे २० सेंमी.; त्यामुळे जंतू वर चढायला स्त्रियांमध्ये अंतरच कमी. धणे-जिऱ्याचे पाणी, सब्जा, नारळपाणी यांनी पोटात पाणी जाते, हा त्यांचा खरा उपयोग. जंतुसंसर्गावर ते औषध नव्हे.

लघवी तुंबवू नये, ही गोष्ट आयुर्वेदाने फार पूर्वी नोंदवली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचे नावच ‘नवेगान्धारणीय’. अडवू नयेत अशा तेरा वेगांत मूत्राचा वेग पहिला.

उल्हासनगरच्या जीन्स शिवणाऱ्या गाळ्यांत लोकल नाही, पण अडचण तीच. मजुरी नगावर असली की मशीनवरून उठणे म्हणजे नग कमी होणे. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १९ने स्त्री-पुरुषांसाठी वेगळी स्वच्छतागृहे बंधनकारक केली, तरी लहान गाळे या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. मुंबईत २०११मध्ये ‘राइट टू पी’ मोहीम उभी राहिली, कारण बायकांना मुतारीसाठी पैसे मोजावे लागत आणि पुरुषांना नाही. २०१५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘मिळून साऱ्याजणी’ या संस्थेच्या जनहित याचिकेवर स्त्रियांसाठी स्वच्छ व सुरक्षित स्वच्छतागृहे उभारण्याचे आदेश महापालिकांना दिले. पुरुषांनी आपला प्रश्न ‘येथे लघवी करू नये’ असे लिहिलेल्या भिंतीपाशी कधीचाच सोडवला आहे. हा कोश त्याची शिफारस करीत नाही.

सवयींबाबत थोडे. सार्वजनिक कमोडला अंग लागू नये म्हणून अधांतरी बसण्याची रीत बायकांत सर्रास आहे. तसे बसल्याने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडत नाहीत व लघवी मागे राहते. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर पूर्ण उकिडवे बसणे किंवा सीट पुसून नीट टेकणे बरे. कुंथू नये. धुताना हात पुढून मागे न्यावा. घरून निघताना एकदा जाऊन येणे योग्यच. पण भावना नसताना ‘असू दे, जाऊन येते’ म्हणत दर अर्ध्या तासाला गेल्यास मूत्राशयाला थोडक्यातच उचल खाण्याची खोड लागते. खोकताना, शिंकताना थेंब गळत असतील, तर अमेरिकन डॉक्टर आर्नल्ड केगेल यांनी १९४८मध्ये मांडलेला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम उपयोगी पडतो. तो डब्यात बसल्या-बसल्याही करता येतो आणि शेजारणीला कळतही नाही.

लघवीचा रंग फिकट पिवळा असावा. बीट खाल्ल्याने ती लालसर आणि क्षयाच्या रिफाम्पिसिनने नारिंगी होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पन्नाशीनंतर पुरुषांची धार बारीक होणे, रात्री वरचेवर उठावे लागणे ही पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथी वाढल्याची खूण असू शकते. नुसते वय झाले म्हणून सोडून देऊ नये. सारखी तहान व सारखी लघवी असेल तर रक्तातील साखर तपासावी. लघवीतून रक्त, थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला कळ, किंवा ओटीपोट फुगूनही लघवी न होणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गर्भवतीने साध्या जळजळीसाठीही थांबू नये. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेतल्यास तपासणीत जंतू नीट सापडत नाहीत. नमुना देताना पहिली धार सोडून मधली धार बाटलीत घ्यावी.