तिसरी दौड पाहा

तारीख १८ डिसेंबर २०२१, शनिवार. सकाळचे साडेसहा वाजलेत. पारडी नाका मागे टाकून तुमची गाडी भंडारा रोडला लागली आहे. मास्क हनुवटीवर, काच वर, आणि तरी बोटं गारठलेली. एरवी या दिवसांत नागपुरात अधिवेशनाची धामधूम असते. यंदा अधिवेशन मुंबईला गेलंय, त्यामुळे रस्ते मोकळे. मौद्याच्या अलीकडे गावरस्त्याला वळता तेव्हा कळतं की सगळी गर्दी इकडे आहे. बांधाबांधाला मोटरसायकली लावलेल्या, शेकोट्या पेटलेल्या, आणि धान निघालेल्या शेतात दोन समांतर पट्ट्या साफ करून, पाणी मारून, दाबून तयार ठेवलेल्या.

परवा, गुरुवारी, सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या बैलांच्या शर्यतींना अटींसह परवानगी दिली. याच न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालानं विदर्भातला बैलांच्या शर्यतींचा शंकरपट बंद पडला होता. २०१७ मध्ये राज्यानं कायदा केला, तर तोही उच्च न्यायालयात अडकला. आता साडेसात वर्षांनी पट पुन्हा भरणार. तुमच्या मामेभावाला एका जोडीत पैसे घालायचे आहेत. ‘तू शिकलेला, तू पाहून सांग,’ म्हणून त्यानं तुम्हाला पहाटे उठवून आणलंय. पुढ्यात चार जोड्या आहेत, त्यातली एक निवडायची.

काम वाटतं तितकं सोपं नाही. २०१४ साली चार वर्षांचा असलेला बैल आज अकरा वर्षांचा आहे. म्हणजे ज्यांच्या नावावर ढाली आणि बक्षिसं आहेत ते गोठ्यात बसून कडबा खातायत, आणि पट्टीवर उभे आहेत त्यांनी आयुष्यात एकही पट पाहिलेला नाही. कोणाचा मागचा निकाल नाही, कोणाची ख्याती नाही. जे काय समजायचं ते या सरावातून.

पहिली जोडी छकड्याला जुंपली जाते. वर्धा-नागपूर पट्ट्यातली गवळाऊ जात. पांढरंशुभ्र हलकं अंग, लांबट डोकं, पाय जमिनीवर ठरत नाहीत. हाकणारा धुरकरी चढतो न चढतो तोच जोडी सुटते. मोबाइलवरचं घड्याळ दाबायला तुम्हाला जरा उशीरच होतो. पट्टीच्या टोकाला एकच आरोळी उठते आणि मामेभाऊ तुमचा दंड दाबतो. त्याच्या मनानं सौदा झालेला आहे.

तुमच्या शेजारी घोंगडं पांघरलेले एक काकाजी उभे आहेत. गावात कोणी जोडी घ्यायची म्हटली की त्यांना बोलावतात. ते तुमच्या मोबाइलकडे पाहतात.

“पयली दौड कोनताई बैल धावते, भाऊ. तिसरी पाहा.”

म्हणून तुम्ही थांबता. जोडी परत येते, थोडी टेकते, पुन्हा सुटते. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या दौडीनंतर काकाजी तुम्हाला बैलाच्या जवळ नेतात आणि कुशीकडे बोट दाखवतात. बरगड्यांच्या मागची कूस आत-बाहेर होतेय. पहिल्या दौडीनंतर ती जितक्या वेळात शांत झाली होती त्याच्या दुप्पट वेळ आता लागतो. डाव्या बैलाची जीभ बाहेर, तोंडाला फेस. उजवा मात्र रवंथ करायला मोकळा. “हा वढते, तो वढल्या जाते,” काकाजी म्हणतात.

मग ते उजव्याचा ओठ वर करून दात दाखवतात. दुधाचे दात पडून पुढचे दोन पक्के आलेत, म्हणजे वय अडीच-तीन वर्षांच्या आसपास. डाव्याचे दात पूर्ण जुळलेले. एक वाढणारा आणि एक भरलेला अशी ही जोडी. आज त्यांचा वेग सारखा आहे. वर्षभरानं तो सारखा असेल याची हमी कोणी देणार नाही.

“चाकोरी पाहून या,” ते सांगतात. तुम्ही पट्टीवर चालत जाता. ओल्या मातीत चाकांच्या दोन रेघा उमटल्यात. पहिल्या निम्म्यात त्या सुतासारख्या सरळ. पुढे एक रेघ वळते, परत येते, पुन्हा वळते. जिथे वळते तिथे खुरांचे ठसे खोल आहेत. एक बैल जू स्वतःकडे ओढत होता आणि धुरकरी कासऱ्यानं त्याला आवरत होता. घड्याळानं हे तुम्हाला सांगितलं नव्हतं.

दुसरी जोडी काळपट करडी, वेळ पहिल्यापेक्षा बराच जास्त. बघे पाठ फिरवतात. काकाजी मात्र छकड्याच्या तळाकडे बघत राहतात. धुरकऱ्याच्या पायाशी एक पोतं आहे, त्यावर गोणपाट टाकलेलं. दौड संपल्यावर दोन पोरं ते पोतं उतरवतात तेव्हा ती वाकतात. वाळू! तिन्ही दौडी याच ओझ्यानं झाल्या, आणि तिन्ही वेळा जवळजवळ सारख्या. मालक तुमच्याशी नजर टाळून बोलतो: “काही नाही, पोरं खेळतात.”

इथे थोडी वाट सोडू, कारण असं न दिसणारं ओझं मोटारींच्या शर्यतींतही असतं. शेत, शेकोट्या, काकाजी तसेच राहू द्या. तुम्ही मार्च २००९ मध्ये बार्सिलोनाजवळच्या माँटमेलोच्या ट्रॅकवर उतरा. हंगामाआधीच्या चाचण्या चालू आहेत. डिसेंबरमध्ये होंडानं फॉर्म्युला वनमधून अंग काढून घेतलं होतं. संघप्रमुख रॉस ब्रॉननं तो संघ वाचवून त्याला स्वतःचं नाव दिलं, त्याला आठवडाही झालेला नाही. गाडी पांढरी, अंगावर जाहिराती जवळजवळ नाहीत, इंजिन ऐन वेळी बसवलेलं मर्सिडीजचं. आणि ती सगळ्यांपेक्षा वेगानं पळतेय.

गॅलरीतले जाणते मान हलवतात. त्यांना आठ वर्षांपूर्वीचा प्रोस्ट संघ आठवतो. २००१ च्या चाचण्यांत प्रोस्टच्या गाड्यांनी झकास वेळा दिल्या. हंगामभरात गुण मिळाले अवघे चार, आणि २००२ च्या जानेवारीत संघ दिवाळखोरीत गेला. टाकीत थोडंसंच इंधन भरून पळालं की वेळ चांगली येते आणि प्रायोजक खूश होतात. दहा किलो इंधन कमी केलं तर फेरीमागे साधारण तीन दशांश सेकंद वाचतात. कोणत्या गाडीत किती इंधन आहे हे बाहेरून कोणाला दिसत नाही. ब्रॉनकडेही प्रायोजक नव्हते, म्हणून शंका रास्तच होती.

पण तुम्ही तिथे थांबून लांब पल्ल्याच्या सलग फेऱ्या पाहिल्यात तर शंका विरघळते. हलक्या टाकीची गाडी एखादीच भन्नाट फेरी मारते. ही गाडी फेरीमागून फेरी तोच वेग राखते. त्या वर्षी नियम मुळापासून बदलले होते. पंखांचे आकार बदलले, गुळगुळीत टायर परत आले. जुन्या दादा संघांची पुण्याई निम्मी झाली होती. ब्रॉनच्या लोकांनी गाडीच्या मागच्या तळाशी हवेचा प्रवाह दुहेरी वाटेनं काढायची जागा नियमांत शोधली होती. पहिल्या सातपैकी सहा शर्यती ब्रॉनच्या जेन्सन बटननं जिंकल्या.

आता परत मौद्याकडे या, कारण इथेही नियम बदललेत. कायद्यानं चाबूक नाही, टोचायची तुतारी नाही, विजेचा झटका नाही. आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाचा दाखला. तिसऱ्या जोडीचा धुरकरी जुना, नावाजलेला माणूस. जोडी सुटते आणि त्याचा उजवा हात सवयीनं कमरेकडे जातो. तिथे काही नसतं. तो ओरडतो, कासरा झटकतो, जोडी आपल्याच चालीनं पळते. चौथ्या जोडीवर विशीतला पोरगा आहे. तो नुसती जिभेनं टकटक करतो आणि बैल कान टवकारून ओढ घेतात. तुतारीवर पळणारी जोडी आणि आवाजावर पळणारी जोडी यांची किंमत परवाच्या निकालानं उलटीपालटी झाली आहे. मालकांपैकी अर्ध्यांना ते अजून उमगलेलं नाही.

मामेभाऊ विचारतो, “मग?”

तुम्ही सांगता: पहिली नको. दुसरी, वाळूवाली. तिन्ही दौडी सारख्या, चाकोरी सरळ, दोन्ही बैलांचा दम सारखा. पण पैसे निम्मेच घाल. त्याचं तोंड उतरतं. त्याला पांढऱ्या जोडीचा फोटो लावायचा होता.

जानेवारीत करोनाचे निर्बंध येतात, परवानग्या अडकतात. पुढे कधीतरी कागद हलतो आणि पटाचा दिवस उजाडतो. पट्टीच्या दोन्ही अंगांना माणसांच्या भिंती. पाळणे, चहाच्या टपऱ्या, भज्यांचे ठेले, रात्रीच्या झाडीपट्टी नाटकाची जाहिरात करत फिरणारी गाडी, आणि भोंग्यावर सतत बोलणारा माणूस. पांढरी जोडी सुटायच्या रेघेवर येते, भोंगा खरखरतो, आणि डावा बैल जागच्या जागी फिरतो. सरावाच्या शेतात भोंगा नव्हता. वाळूवाली जोडी मात्र त्या आवाजाकडे ढुंकूनही पाहत नाही. नंतर कळतं, मालकानं महिनाभर ती लग्नाच्या बँडच्या सरावाशेजारी बांधली होती. पोत्याइतकीच ती तयारीही त्यानं कोणाला दाखवली नव्हती. ती तीन फेऱ्या काढते आणि चौथ्या फेरीत आवाजावर पळणाऱ्या जोडीकडून हरते.

मामेभाऊ खूश आहे. काकाजी नाहीत. “आता पुढच्या पटाले पांढरीच येईन,” ते म्हणतात. “भोंगा तिनं आयकला, भेव गेलं. लहाना मोठा होऊन राह्यला.” आणि पुढच्या पटात तसंच होतं. पांढरी जोडी तुमच्या जोडीला मागे टाकते.

ब्रॉनच्या संघाचंही वेगळं काही झालं नव्हतं. सहा विजयांनंतरच्या दहा शर्यतींत बटनला एकही जिंकता आली नाही. पैसा आटला होता, गाडी सुधारायला माणसं कमी पडत होती, आणि बाकीचे संघ तीच युक्ती शिकले होते. आधी साठवलेल्या गुणांवर तो जगज्जेता झाला आणि संघालाही विजेतेपद मिळालं, पण मार्चमधल्या चाचणीनं सांगितलेलं सत्य जूनपर्यंतच पुरलं.

१८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्यांचे कायदे वैध ठरवले. तेव्हापासून विदर्भात पट नेमानं भरतात, आणि जोड्यांचे निकाल लोकांच्या तोंडी आहेत. आता कोणतीही जोडी अगदीच अनोळखी नसते. तरी मामेभाऊ पैसे घालण्याआधी सराव पाहायला जातोच. आता तो सोबत तुम्हाला नेत नाही, काकाजींना नेतो. आणि पैसे पूर्ण हंगामासाठी कधीच घालत नाही, एका पटापुरते घालतो.