सिमला ऑफिसातले पाहुणे

पुण्यात रिक्षावाल्याला ‘हवामान खातं’ सांगितलं, तर तो मान वळवून बघतो. ‘सिमला ऑफिस’ म्हटलं की मुकाट मीटर टाकतो. १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून शिवाजीनगरला आलं आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेलंही. नाव मात्र पुणेकरांनी जाऊ दिलं नाही. आमचे भाऊआजोबा तिथे नकाशे भरायचे.

नकाशा भरणं म्हणजे काय, ते त्यांच्या तोंडून ऐकावं. सकाळी साडेआठला देशभरच्या वेधशाळा एकाच वेळी निरीक्षणं घेतात. ती पाच-पाच आकड्यांच्या गटांत तारेने यायची, नंतर टेलिप्रिंटरवर. पुणे म्हणजे ४३०६३, कुलाबा म्हणजे ४३०५७. भाऊआजोबांना नातवंडांचे वाढदिवस आठवत नसत, हे आकडे मात्र झोपेतही चुकायचे नाहीत. नकाशावर प्रत्येक ठाण्याला एक चिमुकलं वर्तुळ. आकाशाचे आठ भाग कल्पायचे आणि ढग जेवढे, तेवढं ते काळं करायचं. वाऱ्याची एक काडी, तिला वेगाप्रमाणे पिसं: अख्खं पीस दहा नॉट, अर्धं पाच. दाब, तापमान, तीन तासांत दाब चढला की उतरला, सगळं त्या वर्तुळाभोवती आपापल्या ठरलेल्या जागी, लाल-काळ्या शाईत. असा नकाशा काठमांडूचा माणूसही वाचतो आणि नैरोबीचाही.

हे त्यांना कळलं ते परदेशी पोरांमुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांसाठी हवामान जाणणारी माणसं हवी झाली आणि पुण्यात पद्धतशीर प्रशिक्षण सुरू झालं. स्वातंत्र्यानंतर शेजारच्या देशांतून आणि पुढे नव्याने स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी देशांतूनही माणसं शिकायला येऊ लागली. १९५० साली जागतिक हवामान संघटना उभी राहिली होती. तिच्या आणि सरकारच्या शिष्यवृत्त्यांवर ती येत. १९८६ मध्ये संघटनेने इथल्या प्रशिक्षणाला प्रादेशिक केंद्र म्हणून मान्यताही दिली. आता हे काम पाषाणला चालतं. मान्यता आली तेव्हा भाऊआजोबा निवृत्त झाले होते. “कागद आत्ता आला, पोरं कधीचीच येतायत,” एवढंच म्हणाले.

त्यांची एक गोष्ट आमच्या घरात फार सांगितली गेली. जूनच्या अखेरीला पूर्व आफ्रिकेतून एक तरुण आला. (देश दर वेळी बदलायचा. मी केनियाही ऐकलंय आणि टांझानियाही.) पुण्यातली भुरभुर बघून त्याने विचारलं, “हाच का तुमचा मान्सून?” भाऊआजोबांना ते लागलं. रविवारी त्याला आगगाडीत घालून थेट कर्जतला नेलं. परतीच्या वाटेवर खंडाळ्याच्या घाटात डब्याच्या खिडक्यांतून पाणी आत आलं, लोणावळ्याला छत्री उलटी झाली, आणि तळेगाव मागे पडताच बाहेरचा रस्ता जवळपास कोरडा. पर्जन्यछायेचा धडा पुस्तकात अर्धं पान असतो; त्या पोराच्या बुटांत तो दोन दिवस वाळत होता. ताईआजीने चुलीजवळ ठेवले होते ते.

गोष्टीचा शेवट असा, की चहा पिताना तो म्हणाला, “पण हा वारा आधी आमच्याकडून येतो.” हे वाक्य भाऊआजोबांनी मागाहून घातलं असावं, असा मला दाट संशय आहे. कारण फिंडलेटर नावाच्या ब्रिटिश हवामानतज्ज्ञाने याच वाऱ्याचा शोध छापला तो त्यानंतर, १९६९ साली. केनियात सोडलेल्या फुग्यांच्या नोंदी लावता लावता त्याला दिसलं, की उन्हाळ्यात जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर वाऱ्याचा एक अरुंद लोंढा केनियाच्या बाजूने विषुववृत्त ओलांडतो, सोमालियाच्या कडेने वळतो आणि अरबी समुद्रावरून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन धडकतो. आमच्या कोकणातला पाऊस तोच आणतो. वाक्य घुसडलेलं असो, विज्ञान खरं आहे.

आणि तो फुगा काय मोठं यंत्र नव्हे. हायड्रोजन भरायचा, सोडायचा आणि थिओडोलाइटला डोळा लावून त्याचा कोन टिपत राहायचं. निरभ्र आभाळात पांढरा फुगा, भरून आलेल्या आभाळात काळा. पण रोज, ठरल्या वेळी, कंटाळा न करता टिपणारा माणूस लागतो. तो माणूस तयार करणं म्हणजे प्रशिक्षण. बाकीचं पुस्तकात असतंच.

पुस्तकांचीही गंमत होती. हवामानशास्त्राची जुनी बैठक युरोपातली, विशेषतः नॉर्वेतल्या बर्गेनची: थंड आणि उबदार हवेच्या सीमा, त्यांना ‘फ्रंट’ म्हणतात, आणि समभार रेषांवरून वारा ओळखणं. विषुववृत्ताजवळ हे गणित लंगडं पडतं. तिथे दाबातला फरक अगदी थोडा, पृथ्वीच्या फिरण्याने वाऱ्याला मिळणारं वळण नगण्य. तिथे दाबाच्या रेषांपेक्षा वाऱ्याच्या प्रवाहरेषा काढाव्या लागतात. लंडनला शिकून आलेल्याला ते परत आल्यावर शिकावं लागे. पुण्यात खिडकीबाहेरच मान्सून होता.

ज्या प्रशिक्षणाचं मोल माणसांच्या जिवांत मोजावं लागतं, ते वादळांचं. १९७० च्या नोव्हेंबरात भोला चक्रीवादळाने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात किमान तीन लाख माणसं नेली. १९७२ मध्ये बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचं चक्रीवादळ पॅनेल स्थापन झालं. या देशांचे अंदाजकार आजही खात्याच्या दिल्लीच्या केंद्रात येऊन बसतात, उपग्रहाच्या चित्रांवरून वादळाचा जोर कसा ठरवायचा ते शिकतात. शेजारी बसून शिकलेल्या माणसाला मध्यरात्री फोन करायला संकोच वाटत नाही, हे कुठल्या अभ्यासक्रमात लिहिलेलं नसतं.

पण अंदाज पोचला म्हणजे काम झालं, असं मी म्हणणार नाही. २००८ च्या मे महिन्यात नर्गिस चक्रीवादळ इरावतीच्या मुखाशी येऊन आदळलं. दिल्लीचे इशारे ब्रह्मदेशाला वेळेत गेले होते. तरी मृत आणि बेपत्ता मिळून आकडा सव्वा लाखाच्या पुढे गेला. बांगलादेशात १९७२ पासून हाती भोंगे घेतलेले स्वयंसेवक गावोगाव फिरतात. तिथे २००७ चं सिद्र वादळ महाभयंकर होतं, तरी बळी काही हजारांवर थांबले. अंदाजकार घडवला आणि त्याचं ऐकणारी यंत्रणा घडवली नाही, तर पहिला खर्च वाया.

‘आपलेच प्रश्न कमी आहेत का, बाहेरच्यांना कशाला शिकवायचं?’ हा प्रश्न भाऊआजोबांना शेजारचे विचारायचे. ते चिडून फक्त म्हणायचे, “समुद्रावर आपली वेधशाळा आहे का?” मी त्यात भर घालीन: आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं ठाणं बंद पडलं, तर नुकसान आपल्याही अंदाजाचं होतं. महासंगणक आले, प्रतिमानं आली. त्यांनाही सुरुवातीला आजचं हवामान सांगावं लागतं, आणि ते मोजणारा कुणीतरी असावा लागतो. शेजाऱ्यांची ही साथ वादळाच्या नावातही दिसते: ३ जून २०२० रोजी रायगड-रत्नागिरीची झाडं आणि छपरं उडवून गेलेल्या वादळाचं ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने सुचवलेलं होतं. कोकणातल्या किती जणांना हे ठाऊक आहे?

तेव्हा एक विनंती. परदेशातून शिकायला आलेल्या अशा मुलांना खोल्या देणारी, सणाला जेवायला बोलावणारी घरं पुण्यात आणखीही असणार. खात्याच्या अहवालात तुकड्या आणि वर्षं सापडतील, ही घरं सापडणार नाहीत. तुमच्या माळ्यावर परदेशी तिकिटांची पत्रं, ओळख न पटणारे फोटो असतील, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ते कोण, कुठले, पुढे कुठल्या वेधशाळेत गेले, हे या पावसाळ्यातच विचारून घ्या आणि फोटोमागे लिहून ठेवा.